दहा हजार लवकर हवेत? मग ब्लाउजपासून सुरुवात करू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे: "डोंबिवलीत राहते, वय ३८. मिस्टरांची कंपनी जूनमध्ये बंद पडली. शिवणक्लासचा वर्षभराचा कोर्स झालाय, गेली बारा वर्षं घरचं आणि नात्यातलं शिवते, पण पैसे कधी घेतले नाहीत. घरी पायमशीन आहे. दोन महिन्यांत महिन्याला दहा-बारा हजार सुरू व्हायला हवेत. गाळा भाड्याने घेऊ का? ज्युकी मशीन हप्त्यावर घेऊ का? ब्लाउजचा भाव काय ठेवू? सरकारी कर्ज मिळेल का?"

ताई, आधी नकार उरकून टाकते. गाळा नको. ज्युकी, म्हणजे मोठ्या टेलरकडचं मोटरवर चालणारं वेगवान मशीन, नको. आणि पहिले तीन-चार आठवडे ब्लाउजसुद्धा नको.

शेवटचा नकार वाचून चमकाल, कारण शिवणकाम म्हटलं की आपल्याला ब्लाउजच दिसतं. मी कल्याणला राहत्या घरात चोवीस वर्षं शिवते आहे आणि माझ्या दारावरची पाटीही ब्लाउजचीच आहे. पण घरात पैसा लवकर यायला हवा असेल तर ब्लाउज हा सगळ्यात लांबचा रस्ता. कसा, ते हिशेबाने सांगते.

अस्तराच्या साध्या ब्लाउजची शिलाई आमच्याकडे ५०० रुपये. त्यातून मीटरभर अस्तराचे साठ-सत्तर, हुक, दोरा, गळ्याची पट्टी मिळून पंधरा-वीस गेले. हातात राहिले सव्वाचारशेच्या आत-बाहेर. आता वेळ मोजा. बाई आल्या, बसल्या, गळा कसा हवा ते मोबाइलवर दाखवलं, माप दिलं: वीस मिनिटं. कटिंगला चाळीस. मशीनवर दोन तास. तुमचा हात सध्या घरच्या वेगाचा आहे, म्हणून अडीच धरा. हुक, काजे, तुरपाई पाऊण तास. मग ट्रायल, मुंड्यात (बाहीच्या जोडात) ओढतंय म्हणून थोडं उसवा, परत घाला: अर्धा तास. एकूण पावणेपाच तास. म्हणजे तासाला नव्वद रुपयेसुद्धा नीट सुटत नाहीत, आणि हे सगळं ब्लाउज एवढ्या एका दुरुस्तीत बसलं तर.

आता एक पँट घ्या. खालून दोन इंच कमी करायची आहे. आमच्याकडे ८० रुपये. सामान म्हणजे दोरा, तोही तुमच्या डब्यात असलेला. वेळ वीस मिनिटं. कुर्तीच्या दोन्ही बाजू आत घ्यायच्या: ७० रुपये, वीस मिनिटं. पँटची चेन बदलायची: १२० रुपये, त्यातली चेन वीस रुपयांची, काम चाळीस मिनिटांचं. बोलण्या-चालण्यात, पिशव्या उघडण्या-बांधण्यात गेलेला वेळ धरूनही तासाला दीडशे कुठे गेले नाहीत. ज्या कामाला आपण "किरकोळ" म्हणून नाक मुरडतो, ते तासाच्या हिशेबात ब्लाउजच्या दीडपट-दुप्पट पैसे देतं. मला हे कळायला सहा वर्षं लागली. एका दिवाळीत वहीचा हिशेब लावत बसले, तेव्हा दिसलं की ब्लाउजांनी माझे डोळे घेतले आणि उसवण-शिवणीने घराचा किराणा भरला.

तुम्हाला दहा हजार हवेत. महिन्याचे पंचवीस दिवस काम धरलं तर रोजचे चारशे. म्हणजे दिवसाला अशी पाच किरकोळ कामं. पाच ब्लाउज नव्हे, पाच पँटी-कुर्त्या. दुपारचे तीन तास.

दुसरं कारण पैशाहून मोठं आहे: विश्वास. सात-आठ हजारांच्या साडीतला ब्लाउजपीस कुणी नवख्या बाईच्या हातात देत नाही, आणि देऊही नये. पण नवऱ्याची ऑफिसची पँट? ती देतात. नाहीतरी ती कपाटात "टेलरकडे टाकायची" म्हणून चार महिने पडलेली असते. मोठे टेलर हे काम घेत नाहीत, घेतलं तर आठवडाभर लोळवतात. ऑनलाइन मागवलेले कपडे तर हमखास एक साइज मोठे येतात. तुमच्या इमारतीत या घडीला घरटी निदान दोन कपडे असे पडून आहेत. ती पँट म्हणजे तुमची परीक्षा. शिलाई सरळ आली, दोऱ्याचा रंग जुळला, संध्याकाळी म्हणालात तर संध्याकाळी दिलीत, की महिन्याने ब्लाउजपीस आपोआप येतो.

काम मिळवायचं कसं? पॅम्फ्लेट छापू नका. ओळखीच्या चाळीस बायकांची यादी करा: सोसायटी, मुलांच्या शाळेतल्या आया, भिशी, भजनी मंडळ, आधीचे शेजारी. प्रत्येकीला वेगळा मेसेज टाका. ग्रुपवर टाकलेला मेसेज सगळे वाचतात आणि कुणीच उत्तर देत नाही. मजकूर एवढाच:

"नमस्कार वहिनी. मी सोमवारपासून घरी कपडे दुरुस्तीचं काम घेते आहे. पँट कमी करणे ८०, कुर्ती फिटिंग ७०, चेन बदलणे १२०, साडीला फॉल-पिको १३०. सकाळी दिलंत तर संध्याकाळी तयार. घरी येऊन घेऊन जाईन."

भाव लिहायचाच. "बघू, तुम्ही द्याल ते" असं लिहिलंत की समोरची बाई अवघडते आणि कपडा कपाटातच राहतो. आणि "मिस्टरांची नोकरी गेली, मदत करा" हे त्यात येता कामा नये. दयेपोटी पहिलं काम मिळतं, दुसरं मिळत नाही.

बायकांइतकाच कामाचा माणूस म्हणजे तुमच्या गल्लीतला इस्त्रीवाला. पूर्ण सोसायटीचे कपडे रोज त्याच्या हाताखालून जातात. कुणाचं बटण तुटलंय, कुणाची शिलाई उसवलीये, कुणाच्या शाळेच्या पँटचा काठ लोंबतोय, हे त्याला मालकाच्या आधी कळतं. त्याला सांगा, विचारून माझ्याकडे दे, नगामागे दहा रुपये तुझे. माझ्या इस्त्रीवाल्याने मला पहिल्या पावसाळ्यात जेवढं काम दिलं तेवढं सख्ख्या नणंदांनी दिलं नाही. (नणंदा हे वाचत नाहीत, म्हणून लिहिते.)

तिसरं ठिकाण: स्टेशनकडच्या रस्त्यावरची कुर्त्यांची रेडिमेड दुकानं. गिऱ्हाईक कुर्ती घेतं आणि म्हणतं, "बाह्या लावून द्या, बाजू घेऊन द्या." दुकानदाराला दोन तासांत करून देणारी बाई हवी असते. भाव निम्मा मिळेल, चाळीस रुपये नग, पण रोज सहा-आठ नग एकदम मिळतात आणि एकाच प्रकारचे असल्याने हात भरभर चालतो. फक्त एक अट घाला: हिशेब रोज किंवा दर शनिवारी. महिन्याच्या उधारीवर दुकानाचं काम सध्या धरू नका. तुमची गरज आजची आहे.

फॉल-पिकोबद्दल थोडं थांबून लिहिते, कारण सगळ्या त्यानेच सुरुवात करतात आणि पहिल्याच साडीला पोळतात. पिकोचं मशीन वेगळं असतं. तुमच्या सरळ शिलाईच्या पायमशीनवर पिको होत नाही. ते मशीन आत्ता घेऊ नका. जवळ जिच्याकडे आहे तिच्याशी बोला, ती तीस रुपयांत एका साडीचं पिको करून देईल. फॉल मात्र तुम्ही हाताने लावा. १३० मधून फॉल, दोरा, पिको वजा जाता पन्नास-साठ राहतात आणि तास जातो. भाव कमी वाटेल, पण ते काम मशीनवर बसून करायचं नाही. रात्री मालिका बघत, मुलांचा अभ्यास घेत होतं.

फॉल आणला की आधी पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा, मगच साडीला लावा. सुती पट्टी पहिल्या धुण्यात आटते. न भिजवता लावली तर साडीचा खालचा काठ गोळा होतो, निऱ्या उचलल्या जातात आणि दोष तुमच्या हाताला लागतो. दोरा फॉलच्या रंगाचा नको, साडीच्या काठाच्या रंगाचा घ्या. टाका सुलट बाजूला तांदळाच्या कणीएवढाही दिसता कामा नये. अस्तराचंही तेच: भिजवल्याशिवाय कात्री नाही.

पँटीचंही ऐका. जीन्स असेल तर पहिलं विचारा, "एकदा धुतलीये ना?" कोरी जीन्स कमी केलीत आणि मग ती धुण्यात आटली, तर मुलगा घोट्याच्या वर पँट घालून तुमच्या दारात उभा. माप नेहमी चप्पल-बूट घालून घ्यायचं. जिथे दुमडायचं तिथे दोन्ही पायांना टाचणी लावायची, एका पायाचं माप दुसऱ्याला धरायचं नाही. बऱ्याच माणसांच्या दोन पायांत थोडा फरक असतो. शाळेच्या पँटीला आत दोन-अडीच इंच माया, म्हणजे दुमडलेलं जादा कापड, ठेवा, पोरगं वर्षात वाढतं आणि पँट परत सोडायला तुमच्याकडेच येते. तीन वेगवेगळ्या नंबरांच्या सुया जवळ असू द्या: रेशमी-तलम कापडाला ११, सुतीला १४, जीन्सला १६ किंवा १८. चौदाच्या सुईवर जीन्स घेतलीत तर जाड जोडावर सुई मोडणार. त्या जोडावर पाय थांबवा, आधी जोड हातोडीने ठोकून चपटा करा आणि चाक हाताने फिरवून चार टाके पार करा. आणि रफूचं काम घेऊ नका. रफू ही वेगळी कला आहे, ते काम रफूगाराकडे पाठवा.

आता ब्लाउज. आषाढ संपत आला आहे. श्रावणात मंगळागौरी, मग गौरी-गणपती. तुम्ही आज दुरुस्ती सुरू केलीत तर गौरींच्या आधी ब्लाउजं येऊ लागतील. पितृपक्षात कापड येत नाही आणि सर्वपित्री झाली की नवरात्रासाठी दारात रांग, असा दर वर्षीचा नेम आहे. दिवाळी, मग तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई. पौषात थंड, फक्त संक्रांतीच्या काळ्या साड्यांपुरती हालचाल. मे महिन्यात श्वास घ्यायला वेळ नाही, जूनमध्ये गणवेश. हे चक्र भिंतीवर लिहून ठेवा. थंड महिन्याचे पैसे गरम महिन्यात बाजूला काढावे लागतात, नोकरीच्या पगाराची सवय असलेल्या घराला हे जड जातं.

पहिली तीस ब्लाउजं साध्या सुती किंवा रुबियाच्या पीसचीच घ्या. पैठणी, कांजीवरम कुणी प्रेमाने आणून दिली तरी "दिवाळीनंतर करते" म्हणा. मी म्हटलं नव्हतं. धंद्याच्या तिसऱ्या वर्षी ओळखीतल्या एका बाईंनी पैठणीतला पीस दिला. बाह्यांना काठ यायला हवा होता आणि काठ मोजकाच, म्हणून कापड दुहेरी न घेता बाह्या एकेरी कापल्या. कागदी कटिंग दोन्ही वेळा एकाच बाजूने ठेवलं. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या. रात्री साडेअकरा वाजले होते, मी त्या दोन बाह्या पलंगावर शेजारी-शेजारी ठेवून कितीतरी वेळ बघत बसले, जणू बघून त्यातली एक उजवी होणार होती. त्या साडीचा पीस बाजारात मिळत नाही, तो साडीतच विणलेला असतो. शेवटी मॅचिंग रेशमी कापड माझ्या पैशाने आणून ब्लाउज केलं, शिलाई घेतली नाही. बाई काही बोलल्या नाहीत. पण परत आल्या नाहीत, आणि त्यांच्या तीन जावाही आल्या नाहीत.

तेव्हापासून काठाच्या बाह्या कापताना पहिली कापली की कागद उलटा करते आणि कापडावर चॉकने "डावी", "उजवी" लिहिते. धंद्याला चोवीस वर्षं झाली तरी लिहिते.

मापाचं म्हणाल तर बायका "मापाचं ब्लाउज" आणून देतात आणि निघून जातात. ते उलटं करून आतली माया बघा. कितीदा उसवून परत घातलंय ते शिलाईच्या जुन्या खुणांवरून कळतं. मग विचारा, "हे आत्ता बसतं का, की बसायचं?" दहातल्या नऊ जणी हसतात आणि खरं सांगतात. छाती, कंबर, शोल्डर, मुंडा, बाहीचा घेर अंगावरही एकदा घ्याच. आणि प्रत्येक ब्लाउजला बाजूंना दीड इंच माया सोडा. चांगला टेलर आणि वाईट टेलर यांतला फरक गिऱ्हाइकाला दोन वर्षांनी, वजन वाढल्यावर कळतो.

"सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, त्यांची संगत नको रे बाप्पा" ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकली आहे. सोनाराचं आणि कुलकर्ण्यांचं मला माहीत नाही, पण शिंप्याचं नाव त्यात वायद्यामुळे आलं असावं असं माझं मत. तुम्ही फक्त दिलेला वार पाळलात तरी निम्मी स्पर्धा संपते. त्यासाठी शंभर पानी वही करा. एका गिऱ्हाइकाला एक पान. तारीख, काम, ठरलेला भाव, घेतलेली उचल, द्यायचा वार आणि कोपऱ्यात कापडाची कातरण टाचणीने टोचलेली. तुम्हाला मंगळवारी जमेल असं वाटत असेल तर शुक्रवार लिहा आणि गुरुवारी फोन करून "तयार आहे" सांगा. गौरींच्या आठ दिवस आधीपासून नवीन काम बंद. तेव्हा नाही म्हणायला जीव जातो, पण घेतलेलं वेळेवर न देण्यापेक्षा बरं.

आणि गिऱ्हाइकाचं कापड जमिनीवर ठेवू नका. २६ जुलै २००५ ला तळमजल्यावरच्या माझ्या घरात पाणी शिरलं, तेव्हा अकरा जणींची कापडं पलंगाखालच्या गाठोड्यात होती. आता सगळं माळ्यावर, प्लास्टिकच्या पिशवीत नाव लिहून.

पैशाचं बोलू. तुम्ही बारा वर्षं फुकट शिवलंय, त्यामुळे तुमची खरी अडचण नवीन गिऱ्हाईक नाही, जुने नातेवाईक आहेत. त्यांना भाव सांगताना जीभ अडखळेल. मी एक युक्ती केली होती: भावफलक. पुठ्ठ्यावर स्केचपेनने भाव लिहून मशीनच्या वर भिंतीला लावला. पाहुणी बाई बोलता बोलता वाचते आणि विषय काढावा लागत नाही. सख्ख्या नात्यात वर्षातून एक ब्लाउज भेट द्या, बाकीचं फलकावरच्या भावाने. सूट द्यायची असेल तर पूर्ण भाव सांगून मग द्या, म्हणजे आपण काय सोडलं ते समोरच्याला कळतं. ब्लाउजला निम्मी उचल घेतल्याशिवाय कात्री लावू नका. दुरुस्तीला उचल नको, पण कपडा हातात देताना पैसे हातात. "उद्या फोनपे करते" ही आजची उधारी आहे. क्यूआर कोड भावफलकाच्या खालीच चिकटवा.

त्या क्यूआरला जोडलेलं खातं घरखर्चाचं नको. दुसरं साधं बचत खातं उघडा. पहिल्या महिन्यात किती आले, किती सामानाला गेले, हे घरच्या खात्यात मिसळलं की कळत नाही, आणि कळलं नाही की आपण तोट्यात शिवत राहतो.

ज्युकी कधी घ्यायची? रोज पाच तास मशीनवर बसूनही कामं परत पाठवावी लागत असतील, सलग दोन महिने, तेव्हा. आत्ता पायमशीनला तेल घाला, पट्टा बदला, आणि हवं तर दीड-दोन हजारांत मोटर बसवून घ्या. वीस-पंचवीस हजारांचं मशीन हप्त्यावर आणलंत तर पहिल्या महिन्याची कमाई मशीनच खाईल. गाळ्याचं तेच, शिवाय डिपॉझिट. घरात शिवण्यातला एकच तोटा म्हणजे लोक केव्हाही बेल वाजवतात. दारावर वेळ लावा: सकाळी दहा ते एक, संध्याकाळी पाच ते सात.

कर्जाचं. केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, त्यातल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. थोडे दिवस प्रशिक्षण, त्या दिवसांचे रोजचे ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांचं व्हाउचर, आणि पुढे ५ टक्के व्याजाने पहिलं १ लाखापर्यंतचं कर्ज, १८ महिन्यांत फेडायचं, तारण नाही. कुटुंबातल्या एकालाच मिळतं, घरात सरकारी नोकरी असेल तर नाही. सीएससी केंद्रात (सरकारी अर्ज ऑनलाइन भरून देतात तिथे) आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक घेऊन जा आणि नोंदणी चालू असेल तर अर्ज करून ठेवा. पण पडताळणीच्या पायऱ्या आहेत, वेळ जातो. दोन महिन्यांत घर चालवायच्या हिशेबात तो पैसा धरू नका. मुद्रा कर्जाच्या शिशु गटात ५०,००० पर्यंत मिळतं, पण तुम्हाला या घडीला कशासाठी हवेत? सुया-दोऱ्याला हजार रुपये पुरतात. कर्ज मिळतंय म्हणून घेऊ नका.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, करून ठेवा, आधार-पॅनवर सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. फी मागणारं पान दिसलं की ते खाजगी दलालाचं समजा. जीएसटीची चिंता नको, सेवांसाठी वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असेपर्यंत नोंदणी लागत नाही आणि आपल्याला तिथे पोचायला वेळ आहे. "मोफत शिलाई मशीन, लिंक उघडा" असे मेसेज येतील, "घरी बसून नाइटगाऊन शिवा, आधी ३,००० डिपॉझिट भरा" असेही येतील. काम देणारा माणूस आधी पैसे मागत नसतो.

शिवण येत नाही पण दुसरं काही येतं, अशांनीही हे वाचलं तर थोडक्यात: तुमच्या कामातला सगळ्यात लहान, आज देऊन आज पैसे मिळतील असा तुकडा शोधा. माझ्या धाकट्या जावेने डब्याचा धंदा काढायचं ठरवलं होतं: भाजी, आमटी, भात, पोळी, कोशिंबीर, पोचवणी. पंधरा दिवसांत रडकुंडीला आली. मग तिने सगळं सोडून नुसत्या पोळ्या सुरू केल्या. किलोभर कणकेत मध्यम आकाराच्या तीसेक पोळ्या होतात, खालच्या दोन इमारतींतल्या नोकरीवाल्या बायका संध्याकाळी सातला घेऊन जातात, पोचवणी नाही, उरलंसुरलं नाही. (खाण्याचा पदार्थ विकायचा तर अन्नसुरक्षा विभागाची नोंदणी घरगुतीलाही लागते, ती तिने केली.) लिज्जतची गोष्ट सगळे सांगतात की १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली. मला त्यात ८० रुपयांपेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते: त्या बायका नवीन काही शिकायला गेल्या नाहीत. पापड त्यांना लाटता येत होतेच. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली आणि ती ओळखीच्या व्यापाऱ्याकडे विकली.

आणखी एक, जे तुम्ही विचारलं नाहीत. मिस्टर घरी आहेत. त्यांना काय वाटतंय याचा अंदाज आहे मला, आमच्याकडेही २००९ मध्ये आठ महिने तसेच गेले. कपडे आणणं-पोचवणं, दुकानदाराकडचा शनिवारचा हिशेब, दोरा-चेनची खरेदी हे त्यांच्याकडे द्या. आणि हुक लावायला शिकवा. ब्लाउजमागचा पाऊण तास तिथेच वाचतो. आमच्या ह्यांना शिकायला तीन दिवस लागले. आता निवृत्त झालेत तरी गौरींच्या आठवड्यात माझ्यापेक्षा सफाईने हुक लावतात, दोन टाके, गाठ, पुन्हा दोन टाके. फक्त बेल वाजली की सुई माझ्या हातात देतात आणि पेपर उघडतात.